मूठभर मणी, हातभर दोरा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून दरवर्षी काही ठरावीक वस्तू खाली येतात आणि पुसूनपासून तशाच पुन्हा वर जातात. एका कानाची कढई, झाकण हरवलेली पंचपाळी, कुणाच्या तरी मुंजीतला पाट आणि मण्यांचा डबा! हा डबा बहुधा बिस्किटांचा, पत्र्याचा असतो. आत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, पुड्यांत लाल, हिरवे, दुधी मणी, तळाशी कुठल्याच पुडीत न मावलेले भुरभुरते मणी, एक गंजलेली सुई आणि डोक्यापासून मानेपर्यंतच झालेला एक मोर. घरातले कर्ते माणूस विचारते, "हे ठेवायचे की टाकायचे?" आणि घरातली बाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणते, "राहू द्या!"

का राहू द्या, याचे उत्तर मात्र तिला चटकन देता येत नाही. आता बाजारात तयार तोरणे मिळतात, तयार माळा मिळतात, आणि त्याही आपल्यापेक्षा सफाईदार. मग हा अर्धा मोर जपायचा कशाला? या साध्या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. त्याचे उत्तर शोधावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीच सांगते, मी कुणी मोठी कारागीर नव्हे. माझ्या हातच्या वस्तूंना कुठे बक्षीस मिळालेले नाही. पण साठ-पासष्ट वर्षे मणी ओवते आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार, केवळ चिकाटीच्या बळावर का होईना, मला आहे असे मी समजते.

'मणी सांडतील!'

माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. १९५६-५७ च्या सुमाराची गोष्ट. दुपारी जेवणे आटोपत, भांडी पालथी पडत आणि चार वाजता नळाला पाणी येईपर्यंत चाळीला जरा उसंत मिळे. त्या दोन तासांत आमच्या मजल्यावरची गॅलरी म्हणजे एक लहानसा कारखानाच होई. कुणाच्या हातात क्रोशाची सुई, कुणाच्या हातात लोकर, कुणी निवडायचे तांदूळ घेऊन आलेली. पण निम्म्याहून अधिक जणींच्या पुढ्यात मण्यांची ताटली.

काय काय होत असे त्या ताटलीतून! दारावरची तोरणे, त्यांत मधोमध कलश आणि दोन्ही अंगांना पोपट. भाऊबीजेच्या ताटाभोवती मांडायची महिरप. मुलीच्या रुखवतात ठेवायचा मण्यांचा नारळ. दुधाच्या पातेल्यावर टाकायचे जाळीचे झाकण, ज्याच्या कडेला टपोरे मणी ओवलेले असत. ते मणी नुसते शोभेचे नव्हते बरे! त्यांच्या वजनाने झाकण वाऱ्याने उडत नसे आणि दुधात माशी पडत नसे. याशिवाय बटवे, पंख्याच्या झालरी, देव्हाऱ्याचे पडदे आणि मुलींच्या हातांतली मण्यांची कांकणे.

त्या वेळी मला वाटे, बायकांना मण्यांची हौस आहे. हौस होतीच. पण त्यात आणखी एक मेख होती, ती मला माझे लग्न झाल्यावर कळली. त्या काळच्या घरात नुसती बसलेली बाई कुणाला पाहवत नसे. पुस्तक घेऊन बसली तर म्हणत, "वाचतेसच आहेस ना, मग जरा चहा टाक." पडली तर विचारत, "बरे नाही वाटत का?" पण पुढ्यात मण्यांची ताटली आणि सुईत पंचवीस मणी घेतलेले असले की तिला उठवायला कुणी धजत नसे. कुणी हाक मारलीच तर ती मान वर न करता म्हणे, "आत्ता उठले तर मणी सांडतील!" या एका वाक्यापुढे सासूबाईंचेसुद्धा काही चालत नसे, कारण सांडलेले मणी वेचायला त्यांनाच खाली बसावे लागे.

दिवसाचे चोवीस तास ज्यांचे दुसऱ्यांच्या नावावर लिहिलेले, त्यांनी मण्यांच्या आडून स्वतःच्या नावावर करून घेतलेले ते दोन तास होते. तोरण हा त्यांचा देखावा. खरी वस्तू म्हणजे ते तास.

आमच्या आत्याबाई

या सगळ्या जणींत हात बसलेला होता आमच्या आत्याबाईंचा. माझ्या वडिलांच्या त्या थोरल्या बहीण. वयाच्या सोळाव्या वर्षी कपाळाचे कुंकू गेले आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. चाळीतल्या कुणाही मुलीचे लग्न ठरले की रुखवतातले मणीकाम आत्याबाईंकडे येई. तुटलेली मोत्यांची माळ असो, सैल झालेली चिंचपेटी असो, "आत्याबाई, एवढे बघता का?" म्हणून जो तो पुढे करी. फक्त मंगळसूत्र त्यांच्याकडे येत नसे. ते पटवेकऱ्याकडे जाई. असे का, हे कुणी बोलून दाखवत नसे आणि त्याही कधी विचारत नसत.

मोती गाठवावेत ते त्यांनीच! दोन मोत्यांच्या मध्ये एक बारीक गाठ. मी लहानपणी विचारले होते, "आत्या, इतक्या गाठी कशाला?" त्यांनी दोन कारणे सांगितली. एक म्हणजे मोती मोत्यावर घासत नाही, त्याचे पाणी टिकते. दुसरे म्हणजे दोरा कधी तुटलाच तर एकच मोती पडतो, सगळी माळ विखरत नाही. आजही कुठल्याही चांगल्या पेढीत मोत्यांची माळ अशीच गाठवतात, आणि कारणेही हीच सांगतात.

त्यांच्या स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ होती, दुसरे काही नाही. शेकडो माळा त्यांच्या बोटांखालून गेल्या, पण एकही गळ्यापर्यंत पोहोचली नाही. तो काळ तसा होता असे म्हणून आपण पुढे जातो. पण मला आठवते, रंग निवडताना त्या फार वेळ घेत. हिरव्याशेजारी जांभळा ठेवून पाहत, मग तो काढून डाळिंबी ठेवत, डोळे बारीक करून लांबून बघत. स्वतःच्या लुगड्याचा रंगही ज्यांना निवडता येत नव्हता, त्यांना त्या ताटलीपुरते सगळे रंग मोकळे होते. त्यांच्या हातची दोन तोरणे आजही आमच्या नात्यात दिवाळीला दारावर चढतात. दोरा आम्ही बदलला, मणी त्यांचेच आहेत.

मणी येतात कुठून?

आपण मूठभर मणी सहज पुडीत बांधून आणतो, पण त्यांचा प्रवास ऐकला तर थक्क व्हाल. इटलीतल्या व्हेनिस शहराने १२९१ साली आपल्या काचेच्या भट्ट्या शेजारच्या मुरानो बेटावर हलवल्या. शहरात आगी लागण्याचे भय होते, हे त्याचे एक कारण. या मुरानोचे मणी पुढे जगभर व्यापारात फिरले. बारीक मणी करण्याची तिथली रीत मोठी गमतीची. तापलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करायची आणि दोघांनी त्याची दोन टोके धरून विरुद्ध दिशांना चालत सुटायचे. मध्ये काचेची लांबच लांब पोकळ नळी तयार होते. ती थंड झाली की तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि पुन्हा ऊब देऊन त्यांच्या कडा गोल करायच्या. भोक आधीपासून आत असतेच! म्हणजे आपण ज्या छिद्रात डोळे ताणून सुई घालतो, ते कुणी एकेक करून पाडलेले नसते.

मध्य युरोपातल्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, याब्लोनेत्स नावाचे गाव याच धंद्यावर मोठे झाले. जर्मन भाषेत त्याचे नाव गाब्लोन्त्स. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून, तिथल्या जर्मन भाषक रहिवाशांना देश सोडावा लागला. त्यांतल्या कारागिरांनी बव्हेरियात काउफबॉयरेन शहरालगत नवी वसाहत उभारली आणि तिला नाव दिले नॉयगाब्लोन्त्स, म्हणजे 'नवे गाब्लोन्त्स'. घरदार मागे राहिले, पण बोटांतले कसब कुणाला हिरावून घेता आले नाही.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात वाराणसी आणि हाथरस जिल्ह्यातले पुर्दिलनगर ही काचेच्या मण्यांची ठिकाणे. तिथे काचेची कांडी ज्योतीवर मऊ करून तारेवर गुंडाळतात आणि एकेक मणी घडवतात. वाराणसीच्या मण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गुजरातेतल्या खंबायतच्या अकिकाची गोष्ट वेगळी. तो दगड. त्यातला तांबूस-पिवळट दगड भट्टीत मंद आचेवर तापवला की लाल होतो. मग तो ठोकून, घासून घडवायचा आणि टोकाला हिऱ्याचे कण बसवलेल्या सामत्याने त्याला भोक पाडायचे, अशी तिथली परंपरागत रीत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने इटली आणि फ्रान्समधल्या काचमण्यांच्या कलेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. म्हणजे आपण जिला 'बायकी उद्योग' म्हणून हसण्यावारी नेतो, तिच्यापुढे जगाने टोपी काढली आहे.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती आपल्या प्रवरेकाठची गोष्ट. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी उत्खनन करीत होते. तिथे ताम्रपाषाण काळातले, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, एका लहान मुलाचे दफन सापडले. त्या लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. त्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असल्याचे तपासणीत आढळले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. एरवी कापूस मातीत किती दिवस टिकणार? पण तांब्याच्या गंजाने त्याला धरून ठेवले.

मी ही हकिकत प्रथम वाचली तेव्हा हातातले काम खाली ठेवले. मुलाला निरोप देताना ती माळ काढून घ्यावी असे घरच्यांना वाटले नाही. तो दोरा कुणी वळला, ते मणी कुणी ओवले, हे आता कधीच कळणार नाही. पण कुणीतरी आपले काही तास त्या माळेवर घातले होते, एवढे नक्की.

सहा पांढरे, एक पिवळा

आता थोडे प्रत्यक्ष कामाकडे वळू या. नवशिक्या मैत्रिणींसाठी, आणि मित्रांसाठीही, एक सोपी फुलांची माळ सांगते.

मणी घेताना आधी नंबर समजून घ्या. बारीक मण्यांचा नंबर उलटा चालतो. नंबर जितका मोठा, मणी तितका लहान. आठ नंबरचा मणी सुमारे तीन मिलिमीटरचा, तर अकरा नंबरचा दोन मिलिमीटरहून किंचित मोठा. पंधरा नंबर डोळ्यांची परीक्षा पाहतो. त्याच्या वाटेला सुरुवातीस जाऊ नये. पहिल्या माळेला अकरा नंबर योग्य, आणि चष्मा लागलेला असेल तर आठ.

मणी ताटलीत नुसते ओतू नका. तळाशी जुन्या टॉवेलचा तुकडा घाला, म्हणजे ते घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकाला लगेच सापडतात. दोरा तंगुसाचा किंवा पक्का नायलॉनचा घ्या. सुती दोरा वापरणार असाल तर तो मेणावरून दोनदा ओढून घ्या. त्याने पीळ सुटत नाही आणि मण्याच्या कडेने दोरा कापला जात नाही. दोरा एका वेळी दोन हातांहून लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो आणि करणारीची चिडचिड होते.

सहा पांढरे मणी ओवा आणि पहिल्या मण्यातून पुन्हा सुई काढा. कडे तयार झाले. आता एक पिवळा मणी घ्या आणि समोरच्या बाजूच्या, म्हणजे चौथ्या, पांढऱ्या मण्यातून सुई न्या. पिवळा मणी आपोआप मधोमध बसतो. झाले एक फूल! पुढे एक हिरवा मणी ओवा आणि पुन्हा सहा पांढरे घ्या. अकरा नंबरच्या मण्यांत गळ्यालगतच्या माळेला सुमारे पन्नास फुले लागतात. म्हणजे तीनशे पांढरे, पन्नास पिवळे आणि पन्नास हिरवे, एकूण चारशे मणी. दर पाच फुलांनंतर दोरा हलकेच ताणून घ्या. फार आवळलात तर माळ ताठ होते, सैल सोडलीत तर फुले मान टाकतात. ही ओढ लिहून शिकवता येत नाही. ती बोटांनाच शिकावी लागते.

आणि एक सूचना गंभीरपणे देते. घरात रांगते किंवा दुडदुडणारे मूल असेल तर मण्यांचा डबा उंच फळीवरच ठेवा आणि काम झाल्यावर जमीन झाडून घ्या. नाकात नि कानात मणी घालणे हा या वयाचा आवडता उद्योग, आणि तो थेट डॉक्टरकडे नेतो.

मण्यांपलीकडचे उद्योग

मणीकाम नाही जमले तर हिरमुसू नका. आपल्या घरांत हाताच्या उद्योगांना तोटा नाही. संक्रांतीचा हलवाच घ्या ना! तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवरच्या परातीत घ्यायचा, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. तासन्‌तास हे चालते, तेव्हा कुठे त्यावर काटा फुलतो. मग त्या हलव्याचे दागिने करून नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि बाळाला बोरन्हाणाला घालायचे. साखरेचे ते दागिने एका दिवसाचे धनी, पण त्यासाठी थंडीच्या कित्येक रात्री खर्ची पडतात. देवापुढची कापसाची वस्त्रे, जुन्या लुगड्यांची गोधडी, क्रोशाचे रुमाल, मुलांचा किल्ला, कामट्यांचा आकाशकंदील, सगळी एकाच जातीची कामे.

पुरुषांना यात गती नसते ही समजूत मात्र खोटी. आमच्या घरच्यांनी सारी नोकरी हिशेबाच्या वह्यांत काढली. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने ते वर्तमानपत्र तीनदा वाचत आणि मला स्वयंपाक शिकवत! शेवटी मी त्यांच्यापुढे मण्यांचा डबा ठेवला आणि म्हटले, "एवढे रंग वेगळे करून देता?" त्यांनी ते औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरले, बाटल्यांवर रंग आणि नंबर लिहिले आणि एका वहीत नोंद केली. पुढे नुसत्या नोंदीने समाधान होईना, म्हणून सुई हातात घेतली. आता त्यांच्या माळेत मणी मोजून बघा, एक कमी नाही, एक जास्त नाही. मला स्वयंपाक शिकवणे बंद झाले, हा वरचा लाभ!

नात मोबाइलवर बघून जपानी मण्यांचे नमुने शिकते आणि ते मला शिकवते. आत्याबाईंची गाठ मी तिला शिकवते. शिकवणीची देवाणघेवाण अशी दोन्ही बाजूंनी चालली आहे.

तासाचा हिशेब

येथवर सारे गोड झाले. आता थोडे कडू.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीने दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी भरणाऱ्या एका प्रदर्शनात स्वतःच्या हातच्या मण्यांच्या दागिन्यांचे टेबल मांडले. मी सोबतीला बसले होते. येणारी प्रत्येक बाई माळ उचलून बघे, "किती गोड आहे गं!" म्हणे, आणि किंमत ऐकली की माळ खाली ठेवून म्हणे, "एवढ्याशा मण्यांचे एवढे?" दुपारपर्यंत मुलीने घाबरून किंमत निम्म्यावर आणली. संध्याकाळी सगळ्या माळा खपल्या आणि ती आनंदाने घरी आली. रात्री आम्ही हिशेब मांडला. मणी, दोरा, फासे आणि टेबलाचे भाडे वजा जाता तिच्या हाती जे राहिले, त्याला तिने घातलेल्या तासांनी भागले. जो आकडा आला, त्यात रिक्षाने घरी येणेही बसत नव्हते.

तेव्हापासून तिने एक वही केली. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने : सामान, तास आणि तासाची मजुरी. मजुरी काय धरावी, यावर तिची आई म्हणाली, "आपण आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना तासाला जे देतो, निदान तेवढी तरी धर." वर सांगितलेल्या फुलांच्या माळेचेच पाहा. हात बसलेल्या बाईला एका फुलाला दोन मिनिटे लागली तरी पन्नास फुलांना शंभर मिनिटे, आणि गाठी, फासा, सुरुवात-शेवट धरून दोन तास कुठे गेले नाहीत. या हिशेबाने किंमत मांडल्यावर मुलीच्या माळा कमी खपू लागल्या, हे खरे. पण ज्यांनी घेतल्या, त्यांनी सांभाळून नेल्या.

पुढे एका दुकानातून तिला दोनशे माळांची मागणी आली. एकच रंग, एकच नमुना, महिनाअखेरीस पोच. तिने ती पुरी केली आणि नंतर चार महिने सुईला हात लावला नाही. "आजी, ते मणी माझे राहिलेच नव्हते," असे ती म्हणाली. आता ती मागण्या घेते, पण बेताने. रविवारची दुपार कुणालाच विकत नाही.

याच विषयावरचा माझा खरा धडा मात्र मला घरातच मिळाला. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई एकदा माझ्या ताटलीपाशी थांबल्या. जरा वेळ बघून म्हणाल्या, "आजी, तुम्ही मणी एकेक उचलता? असं नाही." त्यांनी सुई घेतली, ताटलीतल्या मण्यांतून सरकन फिरवली आणि एका दमात सात-आठ मणी टोकावर घेऊन दाखवले. मी चाटच पडले! विचारले, तेव्हा कळले की मुंबईच्या उपनगरांतल्या हजारो बायकांप्रमाणे त्याही रात्री घरी नगावर मजुरीने माळा ओवतात. मोठी मुलगी मदत करते. मजुरीचा आकडा त्यांनी सांगितला, तो मी इथे लिहीत नाही. लिहायला मला लाज वाटते, आणि ती लाज माझ्या एकटीची नसावी.

"तुम्ही हे हौसेनं करता?" त्यांनी विचारले. प्रश्नात टोमणा नव्हता, निव्वळ नवल होते. "आणि झाल्यावर काय करता?"

"कुणाला तरी देते. एखादी ठेवते."

त्या हसल्या. "दहा वर्षं करतेय मी. घरात एक नाही ठेवली."

मला एकदम आत्याबाई आठवल्या. काळ बदलला, कारणे बदलली, पण गळ्यापर्यंत न पोहोचलेली माळ तशीच राहिली. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी, पगाराच्या पैशांबरोबर, मी त्यांच्यापुढे ह्यांच्या नंबर घातलेल्या बाटल्या मांडल्या आणि म्हटले, "तुम्हाला आवडतील ते रंग घ्या." पटकन घेतील असे मला वाटले होते. पण त्यांनी पंधरा मिनिटे घेतली. हिरवा उचलला, ठेवला. मोरपंखी उचलला, त्याशेजारी केशरी ठेवून पाहिला. पोळ्यांना उशीर झाला, आणि आमच्या घरात कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. पुढच्या सोमवारी त्या आल्या तेव्हा ती माळ त्यांच्या गळ्यात होती. नमुना असा सुबक, की मी उतरवून घेतला.

आता मला माळ्यावरच्या त्या डब्याचे उत्तर सापडले आहे असे वाटते. त्यातले मणी कवडीमोलाचे असतील, पण कुणीतरी स्वतःसाठी राखलेले तास त्यांत ओवलेले असतात. ते टाकून देववत नाहीत. आणि ज्याने स्वतः एक माळ ओवली, चारशे मणी मोजले, मान अवघडली म्हणून दोनदा उठून पाठ ताणली, त्याला दुसऱ्याच्या हातच्या माळेची किंमत आपोआप कळते. छंदाने मन रमते, वेळ जातो, हे तर आहेच. पण मला त्याचा हा उपयोग सर्वांत मोठा वाटतो. म्हणून मी प्रत्येकीला, आणि प्रत्येकाला, सांगते, आयुष्यात एक तरी वस्तू हाताने करून बघा. ती विकू नका. तिला लागलेला वेळ मात्र लक्षात ठेवा.

या दिवसांत गावोगावी प्रदर्शने भरतील, पदपथावर तोरणे आणि माळा टांगलेल्या दिसतील. तुम्ही थांबाल, एखादी माळ उचलून बघाल. माझी एवढीच विनंती आहे, भाव विचारण्याआधी समोरच्या बाईंना विचारा, "हिला वेळ किती लागला हो?" उत्तर नीट ऐकून घ्या. त्यानंतर घासाघीस करावीशी वाटली, तर खुशाल करा.

मला वाटते, तुम्हाला करवणार नाही.